व्हॅनमधला संसार

चाळीस वर्षांपूर्वी गॅरेजवाल्या काकांनी भंगारातली व्हॅन स्वतःच्या हातांनी कापून-जोडून तिच्यात संसार थाटला होता आणि काकूंना घेऊन निम्मा देश पालथा घातला होता. यंदा पुतणीच्या आग्रहाखातर ते तीच व्हॅन घेऊन सजवलेल्या व्हॅनच्या स्पर्धेला गेले. शेजारच्या व्हॅनमध्ये चक्क झुंबर होतं आणि त्याखाली पांढरीशुभ्र गादी.

"झोप छान लागत असेल," काका तिच्या मालकाला कौतुकाने म्हणाले.

"छे हो काका, आम्ही हॉटेलात उतरलोय. इथे झोपलं तर चादर चुरगळते."

परीक्षकांनी काकांची व्हॅन बारकाईने तपासली आणि निम्मे गुण कापले. खाली शेरा होता, 'आत माणसं राहिल्याच्या खुणा आढळल्या.'