आतली कडी

"मानसिक आजार असलेल्यांसाठी असंच निवासगृह काढायचंय, आराखडा करतेय," म्हणणाऱ्या बाईंवर व्यवस्थापक शालनताईंचा काडीचा विश्वास नव्हता. शेजारच्या सोसायटीनं हे निवासगृह बंद पाडायचा चंगच बांधला होता. ही नक्की त्यांनीच पाठवलेली.

"राहणारे बारा, सांभाळणारे पाच," ताईंनी मोजकंच सांगितलं.

बाईंनी लिहून घेतलं, मग पेनाला टोपण लावून हळूच विचारलं, "बाथरूमची आतली कडी ठेवलीय का हो?"

ताईंनी मान वर केली. हा प्रश्न सोसायटीवाल्यांना सुचणारा नव्हता. "घरी कोण आहे तुमच्या?"

"धाकटा भाऊ. कडी लावू देते त्याला, पण गाणं म्हणायला लावते. आवाज थांबला की दार वाजवते."

"आम्ही सगळ्या कड्या काढूनच टाकल्या," ताई ओशाळून म्हणाल्या. "गाणं नाही सुचलं बघा आम्हाला."