मोत्यांची माळ

निपाणीच्या देवदासी-मुक्ती परिषदेच्या मांडवात सुलभाताई एकेका देवदासीच्या गळ्यातील यल्लम्माची माळ कात्रीने कापीत होत्या. रांगेच्या शेवटी गंगव्वा उभी होती. मुलगा म्हणून जन्मलेली गंगव्वा देवीला वाहिल्यापासून लुगडे नेसत असे. सदलग्याला तिच्या घरी जाऊन, “तूही आमचीच बहीण आहेस,” असे सांगून ताईंनीच तिला परिषदेला आणले होते.

गंगव्वाची माळ तुटली, लाल-पांढरे मोती जमिनीवर विखुरले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ सत्याप्पा सदरा-विजार घेऊन पुढे आला.

“लई उपकार झाले, ताई,” त्याने हात जोडले. “देवीच्या भ्यानं इतकी वर्सं गप बसलोतो. चल रं गंगाप्पा, फेड ते लुगडं. ह्ये घाल.”

“अहो, ते तिचं स्वतःचं लुगडं आहे!”

“तिचं कुठलं? देवीनं नेसवलंतं. आन् देवी तर तुम्हीच सोडवलीसा न्हवं?”

 

गंगव्वाने पदर मुठीत आवळला. “आक्का, देवीच्या नावानं नगं. तुमच्या नावानं नेसलं तर चालतंय का, तेवढं इचारा की दादाला.”

सत्याप्पा हसला आणि त्याने पदराला हात घातला.

“थांबा. कुणीतरी दोरा आणा,” ताई म्हणाल्या. कात्री बाजूला ठेवून, भरल्या मांडवादेखत, त्या खाली वाकल्या आणि सांडलेले मोती वेचू लागल्या.