चाखायचा चमचा

गुडघ्यांसाठी वजन कमी करा, पण हळूहळू; जेवण सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कारखान्याच्या कँटीनमधल्या स्वयंपाकीणबाईंना धीर कुठला? आठवडाभर त्या काकडी आणि लिंबूपाण्यावर शेगडीसमोर उभ्या होत्या. चाखायचा चमचासुद्धा त्यांनी खुंटीला टांगून ठेवला. चमचाभर म्हटलं तरी जातं पोटातच. आज सुपाच्या वाट्या तशाच भरलेल्या परत आल्या. "मावशी, तुमच्या हातचं कधी परत आलेलं नाही," भांडी घासणारी म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?" "डोकं आहे गं. पोटाचं सांगता येत नाही." तिने खुंटीवरचा चमचा काढला आणि मोठ्या पातेल्यातलं सूप वाटीत ओतून त्यांच्यापुढे आणून ठेवलं. बाई स्टुलावर टेकल्या. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. "दोनदा मीठ घातलं की मी," म्हणत म्हणत त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली.