लेसला हात

"शर्ट काढ आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहा," डॉक्टर म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही त्याने.

खांबाने बटणं सोडली. खांब हे त्याचं मैदानावरचं नाव. चौदा वर्षं तो क्लबच्या गोलसमोर उभा होता आणि हवेतून येणारा बॉल डोक्याने परतवत होता. आता पंचावन्नाव्या वर्षी कमरेतले शेवटचे दोन मणके एकमेकांवर घासत होते आणि डावा पाय गुडघ्याखाली बधिर झाला होता. ऑपरेशन लांबवलं तर पाय कायमचा जाईल, असं मोठ्या हॉस्पिटलने स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन क्लब करून देणार होता, फक्त 'हे खेळामुळे झालं' असं क्लबच्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं होतं. आणि क्लबचा डॉक्टर अजून तोच होता.

बायकोने शर्ट हातात घेतला आणि ती एक्स-रेचा लिफाफा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. जिन्यातच तिने त्याला बजावलं होतं, "आज कण्हायचं. लाज गुंडाळून ठेवायची. दुखतं तिथे दुखतं म्हणायचं." तो हो म्हणाला होता.

डॉक्टरने फिल्म खिडकीसमोर धरली. "झीज आहे. वय झालं की होते. भाजीवाल्याचीही होते."

"भाजीवाल्याच्या कमरेत तुम्ही सुया टोचल्या नव्हत्या," बायको म्हणाली.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

"का नको? ह्यांच्या पायात मोजे मी चढवते. बूट मी बांधते. आत्ता पायात आहेत तेही मीच बांधलेत, विचारा ह्यांना."

डॉक्टरने विचारलं नाही. त्याने खणातून एक जाडजूड वही काढली. आधीपासून खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या, म्हणजे तयारीनेच बसला होता गडी. "सेमीफायनल. तक्रार नाही. फायनल. तक्रार नाही. खाली सही कुणाची आहे?"

"माझी." खांबाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तक्रार केली असती तर बाकावर बसवलं असतंत. आणि फायनलच्या आधी दुखणं मारायची सुई कुणी टोचली?"

"मीच. तू टेबलावर पालथा पडून म्हणालास, डॉक्टर, टोचा, पण कोचला सांगू नका. मी सांगितलं का कुणाला?" डॉक्टरने वही मिटली. "अजून नाही सांगितलं."

हे खरं होतं. खरं होतं म्हणून खांबाला त्याचा जास्तच संताप आला.

डॉक्टर खुर्चीतून उठला. टेबलाला वळसा घालून आला, खांबाला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं, हात मागे बांधले आणि म्हणाला, "लेस."

एवढंच. मॅचच्या आधी सगळे ओळीने त्याच्यासमोर उभे राहायचे आणि तो हा एकच शब्द बोलायचा. गुडघे न वाकवता खाली जायचं, लेसचं टोक ओढून गाठ सोडायची आणि वर यायचं. ज्याचा हात पोचला नाही त्याची जर्सी दुसऱ्याला. दुसरी तपासणी नव्हती. ज्याची त्याची युक्ती ठरलेली होती. खांब आधी श्वास सोडायचा, पाठ फळीसारखी ठेवून नुसता खुब्यातून खाली जायचा, डावा गुडघा कुणाला कळणार नाही इतकाच ढिला सोडायचा आणि चेहरा फोटोला उभं राहिल्यासारखा ठेवायचा.

जमत नाही, असं म्हणायचं होतं. जिन्यात ठरलं होतं. पण शब्द त्याच आवाजात आला आणि श्वास आपोआप सुटला.

"अहो," बायको अर्धवट उठली.

हात खाली गेले. कमरेत काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं. बोटांना डाव्या बुटाची लेस लागली, त्यांनी ती ओढली, गाठ सुटली आणि खांब वर आला. मानेवरून घाम ओघळत होता. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती.

"फिट," डॉक्टर म्हणाला.

आणि खांबाला बरं वाटलं. चार-पाच सेकंदच असेल, पण छाती भरून बरं वाटलं. मग त्याचं बायकोकडे लक्ष गेलं.

"सहज वाकतो," डॉक्टर लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता.

"पुन्हा वाकायला सांगा ह्यांना," बायको म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."

"मी एकदाच सांगतो. तेव्हाही एकदाच सांगायचो."

"दुखतंय, डॉक्टर," खांब म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखीचा वाटला नाही. "खूप दुखतंय."

"आता?" डॉक्टरने कागदावर शिक्का मारला.

बायकोने शर्ट त्याच्या अंगावर फेकला आणि ती निघाली. खांब भिंतीला धरत धरत बाहेर आला. सुटलेली लेस मागे फरफटत होती. जिन्याच्या तोंडाशी तिने वळून पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि ती परत आली.

लिफाफा फरशीवर ठेवून ती गुडघ्यांवर बसली. दात-ओठ खात तिने लेस आवळली आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली. किती आवळली ते खांबाला कळलं नाही. तो पाय डावा होता.

वर न बघताच तिने विचारलं, "पुढची मॅच कधी आहे?"