भोगीची भाजी

भोगीच्या सकाळी मंडईत द्वारकाबाईंनी गाजरं निवडली आणि पुन्हा टोपलीत टाकली. ओला हरभरा, पावटाही तसाच परत ठेवला. “आजी, गाजराबिगर कसली हो भोगी?” भाजीवाली हसली.

“न खाई भोगी, तो सदा रोगी,” असं त्या दरवर्षी घरभर बजावायच्या. यंदा मात्र घरातलं खाणंच बदललं होतं. नात रेवाला फिट येऊ नये म्हणून डॉक्टरांनी कीटो आहार, म्हणजे तूप-तेल जास्त आणि पिठूळ-गोड जवळपास नाहीच असा, दिला होता. भाकरी, गाजर, हरभरा सगळं बंद. दिवाळीपासून फिट आली नव्हती, पण तिचं ताट मात्र वेगळं झालं होतं.

“आई, तुम्ही नेहमीचीच भाजी करा. रेवाचं मी वेगळं बघते,” सोबत आलेली सून म्हणाली.

द्वारकाबाईंनी पिशवीत कोवळी वांगी, मेथी आणि फ्लॉवर भरला. “तीळ घरात आहेत,” एवढंच बोलल्या.

दुपारी रेवाने आपलं ताट पाहिलं, मग आजीचं, बाबांचं, आईचं. सगळीकडे तिळाचं कूट घातलेली तीच भाजी. भाकरी कुठेच नाही.

“आजी, आज सगळ्यांनाच पथ्य?”

“पथ्य कुठलं गं?” सुनेने मोजून दिलेलं तूप नातीच्या भाजीवर सोडत द्वारकाबाई म्हणाल्या, “आज भोगी आहे.”