गुरम्माची सवत

“गुरम्मानं पाणी भरता भरता कविता केल्या, आणि तू नुसती कुरकुर करतीस,” चन्नबसप्पा बोलून गेला. उमाबाईनं डोईवरची घागर दाणकन खाली ठेवली. थेंब मात्र सांडू दिला नाही. एवढं भान तिला रागातही होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर आला, नवे बोर्ड आले, पाऊस तेवढा आला नाही. नळ कोरडे पडले आणि गल्लीतल्या बायका टँकरमागं धावू लागल्या. चन्नबसप्पा शाळेत मास्तर होता आणि वयाच्या चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाला होता. नांदेडच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली तो संशोधन करत होता. विषय लांबलचक होता : एकोणिसाव्या शतकातला मांजरा नदीकाठचा समाज, साहित्य आणि भूप्रदेश. घरात मात्र या सगळ्याला एकच नाव होतं. गुरम्मा.

ही गुरम्मा मांजरेच्या काठी राहायची, कविता करायची आणि मरून तिला शंभर वर्षं होऊन गेली होती. तरी उमाबाईच्या संसारात तिचा मुक्काम पक्का होता. जेवताना गुरम्मा, चहाला गुरम्मा. सुट्टीच्या दिवशी नवरा सायकल काढून, ती कुठल्या ओढ्यावर पाणी भरायची ते शोधत हिंडायचा. एकदा तर झोपेत तिचं नाव घेतलं. शेजारच्या सुमनबाईनं विचारलं, “मास्तर दिसंना गेले?” उमाबाई फणकारली, “गेलेत की तिच्याकडं.” मेलेल्या बाईचा मत्सर करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे तिला कळत होतं. पण जळायची ती जळायचीच. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, हिचं काय करावं?

आणि आज त्यानं तोंडावर तुलना केली.

उमाबाईनं पिशवी काढली. दोन लुगडी कोंबली. संध्याकाळच्या एसटीनं उदगीरला माहेरी जायचं, आणि बोलावल्याशिवाय यायचं नाही. बोलावणार कोण? याला ती गेलेली कळायलाच आठवडा जाईल, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

चन्नबसप्पाला यातलं काही दिसलं नाही. तो ओसरीत कागद पसरून बसला होता. एका मठातल्या जुन्या बाडातून त्यानं गुरम्माची नवी कविता उतरवून आणली होती. ती घेऊन उद्या नांदेड गाठायचं होतं. मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला सुचायचं नाही. तो वाचू लागला :

“ताट वाढून बसले, हाका मारून थकले,
डोंगर पाहणाऱ्याला दार नाही दिसले.
घागर उतरताना हात कुणी ना दिला,
नदीचा ठाव पुसला, माझा नाही पुसला.”

पिशवी घेऊन निघालेली उमाबाई दारातच थबकली.

“काय आर्त भक्ती आहे बघ,” तो कागदाकडं बघतच म्हणाला. “सगळ्या कवितांत ती कुणाला तरी विनवते, पण नाव एकदाही घेत नाही. मी तेच सिद्ध करून राहिलो. नाव नाही, म्हणजे तो निर्गुण शिव. भक्त हाका मारतोय आणि देव ओ देत नाही.”

उमाबाईला हसू फुटलं. मग रडूही आलं.

“अहो, नाव न्हाई घेतलं म्हणून तो देव झाला व्हय? उखाण्याबिगर मी तुमचं नाव कधी घेतलंय का? मग मीबी रोज देवालाच जेवायला हाका मारून राहिले म्हणा की!”

“अगं, नैवेद्याचं ताट—”

“नैवेद्य गार झाला म्हणून कुणी रडत न्हाई. नवऱ्याचं ताट गार झालं की बाई रडती.”

चन्नबसप्पानं कविता पुन्हा वाचली. या वेळी मनात. मग त्यानं मान वर केली. किती दिवसांनी केली, कोण जाणे. त्याला बायको दिसली. डोक्यावरच्या चुंबळीनं विस्कटलेले केस दिसले. हातातली पिशवी दिसली.

उमाबाईला आता गुरम्माचा राग येईना. इतके दिवस जिला सवत समजून बोटं मोडली, ती तर आपलंच गाऱ्हाणं शंभर वर्षं आधी मांडून बसली होती. असती तर तिच्या गळ्यात पडून दोघींनी पोटभर नवऱ्यांना नावं ठेवली असती.

तेवढ्यात बाहेर घागरी-कळशांचा खडखडाट आणि बायकांचा गलका उठला. टँकर आला होता. चन्नबसप्पा उठला. कागदांवर पाय पडला तरी थांबला नाही. कोपऱ्यातली दुसरी, रिकामी घागर उचलून तो झपाझप दाराशी गेला. उमाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

शंभर वर्षांपूर्वीचा ओढा न् ओढा पाठ असलेला तो माणूस उंबऱ्यात अडखळला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग खालच्या मानेनं त्यानं विचारलं, “उमा, आपल्या गल्लीत टँकर कुठं थांबतो गं?”