निकालाची तारीख

"गुरुवार द्यावा, साहेब," वकील शंतनू बदनापूरकर म्हणाले.

"बुधवारच बरा," सरकारी वकील म्हणाले.

न्यायाधीश केशवराव देऊळगावकरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. पाव तास हेच चाललं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात साठीच्या दगडाबाई पदर सावरून उभ्या होत्या. त्यांच्या गावच्या विहिरीतून रोज टँकर भरून शहरात जायचे. त्यातला एक टँकर बाईंच्या दारासमोर थांबवून ड्रायव्हर चहाला गेला, तेव्हा बाईंनी त्याची तोटी सोडली. आधी शेळ्यांना पाजलं, मग चार हंडे भरले, मग सगळी गल्ली भांडी घेऊन आली. टँकर रिकामा झाला.

"चोरी कबूल आहे?" केशवरावांनी सकाळी विचारलं होतं.

"व्हय. हंडे माझेच व्हते," बाई म्हणाल्या. "सांडलं ते मात्र माझं नाय. ती तोटी बंद कशी करतेत, ते मला ठावं नव्हतं."

आता फक्त शिक्षा ठरायची होती. तुरुंग, दंड, की नुसती समज देऊन सुटका, एवढाच प्रश्न. आणि दोन वकील तारखेवरून हटून बसले होते.

केशवरावांना हे नवीन नव्हतं. वर्षभर ते पाहत होते. कोणाला ठरावीक दिवस हवा असायचा, कोणाला त्याच्या आदला. त्यांनी बेंच क्लार्क अप्पारावांना जवळ बोलावलं.

"बुधवार आणि गुरुवारात फरक काय?"

अप्पाराव फाइलींची चळत सरळ करू लागले. ती सरळच होती.

"अप्पाराव."

"साहेब, गुरुवारी तुमच्याकडं नळ येतो."

केशवराव सिडकोत राहत. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, शहर चारी बाजूंनी वाढत चाललं होतं आणि नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. अप्पारावांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. नळ आला की साहेब डोक्यावरून आंघोळ करून येतात, त्या दिवशी दंडावर भागतं. सातव्या कोरड्या दिवशी साहेब मान खाजवत येतात, त्या दिवशी आत जावं लागतं. हे कोर्टातल्या सगळ्या वकिलांना ठाऊक होतं. काहींनी तर केशवरावांच्या गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक पाकिटात ठेवलं होतं.

कोर्ट दहा मिनिटं तहकूब करून केशवराव चेंबरमध्ये गेले. नव्या न्यायाधीशांना शिकवायला त्यांना नेहमी बोलावलं जाई. भावना जोड्यांसारख्या दाराबाहेर काढून ठेवा, असं ते तिथं सांगत. त्यांनी जुने निकाल काढले. दोन सायकलचोऱ्या सापडल्या. दोन्ही आरोपी तरुण, दोघांचाही पहिलाच गुन्हा. एकाला दंड, दुसऱ्याला तीन महिने कैद. त्यांनी घरी पत्नीला, सरोजिनीबाईंना, फोन करून दोन तारखा विचारल्या. त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नळाच्या दिवशी खूण करत.

पहिल्या तारखेला खूण होती. दुसरी तारीख तिच्या आदल्या दिवसाची होती.

त्यांनी दोन्ही निकालांतली कारणं वाचली. आधी एकाची, मग दुसऱ्याची. वाईट याचं वाटलं, की दोन्ही पटली.

ते परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा कान लाल झाले होते. उभं आयुष्य ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, ती सरोजिनीबाईंच्या कॅलेंडरवर टांगलेली निघाली होती. हे प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे पाठवावं, असा एक विचार आला. पण म्हातारीला आणखी चार महिने खेटे घालावे लागले असते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या वकिलांना गुरुवार हवा आहे. सरकारला बुधवार. तुम्हाला कुठला दिवस सोयीचा?"

"या दिवसांत असं काय हाय?"

केशवरावांनी खरं ते सांगून टाकलं. गुरुवारी माझ्याकडे पाणी येतं, बुधवारी नसतं. बदनापूरकरांनी खाली मान घातली. सरकारी वकील पंख्याकडे पाहत राहिले.

दगडाबाईंनी थोडा विचार केला.

"आज आलं व्हतं का पानी?"

"नाही. आज पाचवा दिवस."

"मंग आजच सांगा की, साहेब. डोक्यावरनं न्हालेल्या मान्साला माझं काय कळंल?"

बदनापूरकर घाईघाईनं उठले. "साहेब, माझ्या अशिलाला कायद्यातलं कळत नाही, तरी गुरुवार…"

"बसा, वकीलसाहेब," केशवराव म्हणाले.

सकाळी त्यांनी अर्ध्या बादलीत आंघोळ केली होती आणि तेच पाणी परातीत धरून तुळशीला घातलं होतं. शेजारच्यांच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं, तेव्हा आपण तिथं जरा जास्तच वेळ उभे राहिलो होतो, हेही त्यांना आठवलं. मान खाजत होती. या वेळी त्यांनी ती खुशाल खाजवली.

"समज देऊन सोडण्यात येत आहे," ते म्हणाले. "घरी जा, बाई. पुन्हा असं करू नका."

दगडाबाईंनी हात जोडले आणि गावाकडची शेवटची जीप सुटायच्या आत निघाल्या.

संध्याकाळी केशवराव अप्पारावांना निकालपत्र सांगायला बसले. आरोपीचं वय, पहिलाच गुन्हा, प्राथमिक गरज, गावातली परिस्थिती, शिक्षेचा हेतू, एकामागून एक मुद्दे येत गेले. त्यातला एकही खोटा नव्हता. अकरा पानं झाली. अप्पारावांनी शेवटचं पान टाईप केलं आणि अवघडलेली बोटं मोकळी केली.

"साहेब, एवढं सगळं तुम्ही त्या वक्ताला ठरवलं व्हतं?"

"नाही," केशवराव म्हणाले. "तेव्हा फक्त सोडायचं ठरलं होतं."